परत धाडलेला भाऊ

(मननासाठीं शास्त्रभाग : पौलाचें फिलेमोनास पत्र)



नव्या करारांत पौलाचें एक पत्र इतकें लहान आहे कीं, त्यास अध्याय एकच आणि वचनेंहि पुरतीं 25 च. पुष्कळांच्या शास्त्रांत तें पान अजून कोरेंच असेल. बोट लावल्याची खूण त्यावर नसेल. परंतु अलीकडे वर्तमानपत्र हातीं घेतलें म्हणजे आम्हांस वारंवार त्याच पत्राची आठवण होते. त्यांत एक मनुष्य परत धाडला जात आहे. ज्या घरांतून तो निघून गेला त्याच घरीं, ज्याचा तो अपराधी त्याच्याच दारीं, त्यास परत जावयाचें आहे. त्याचें नांव अनेसिम. तो फिलेमोनाचा दास. तो कोणत्या वाटेनें गेला, वाटेंत त्यानें काय सोसलें, हें पौल कांहींच सांगत नाहीं. तो दारीं आला म्हणजे दार कसें उघडावें, एवढेंच तो सांगतो.

इ.स. 2025 च्या फेब्रुवारीच्या 5 व्या तारखेस अमेरिकेच्या लष्कराचें एक अवजड मालवाहू विमान पंजाबांतील अमृतसर येथें उतरलें. त्यांत 104 भारतीय होते. हरियाणाचे 33, गुजराथचे 33, पंजाबचे 30, थोडे इतर ठिकाणचे, आणि आपल्या महाराष्ट्राचेहि 3. त्यांत स्त्रिया होत्या व लहान मुलेंहि होतीं. परवान्यावांचून अमेरिकेंत शिरलेले म्हणून त्या सरकारनें त्यांस परत पाठविलें होतें. प्रवासभर हातांत बेड्या व पायांत साखळ्या होत्या, असें उतरलेल्यांनीं सांगितलें. अमेरिकेच्या सीमेवरील पहाऱ्याच्या प्रमुखानें तर त्या साखळ्यांचें चलच्चित्रच जगास दाखविलें. पुढें त्याच महिन्याच्या 15 व 16 तारखेस आणखी दोन विमानें आलीं. तिन्ही विमानें मिळून 332 माणसें.

दुसऱ्याच दिवशीं संसदेंत गदारोळ झाला. विरोधी पक्षाच्या कांहीं सभासदांनीं आपल्या हातांत बेड्या घालून संसदेच्या आवारांत निषेध केला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीं राज्यसभेंत सांगितलें कीं, अशी रवानगी नवी नव्हे. ती 2009 पासून दरसाल होत आली आहे. एकट्या 2019 सालीं 2,042 लोक परत आले. बांधून आणण्याची रीतहि अमेरिकेच्या त्या खात्यांत 2012 पासूनची आहे, आणि स्त्रियांस व मुलांस बांधीत नाहींत असें त्या खात्यानें आपल्यास कळविलें आहे. त्यांनीं दिलेले आंकडे एकत्र केले तर ही संख्या 15,000 च्या वर जाते. म्हणजे हे लोक पूर्वींहि येत होते. पण ते मुकाट्यानें येत, आणि आम्ही मुकाट्यानें आपापल्या कामास लागत होतों.

त्या आठवड्याच्या रविवारीं आम्ही आमच्या एका खेड्यांतील मंडळींत उपासनेस गेलों होतों. उपासना आटोपल्यावर लिंबाखालीं मंडळी बसली. एका तरुणानें आपल्या मोबाईलवर तें साखळ्यांचें चित्र सर्वांस दाखविलें. एक वडील म्हणाले, "हितं काय भाकर मिळत नव्हती? भोगा म्हणावं आता." दुसरे म्हणाले, "त्यांचं काय घेऊन बसलात! आपल्या देशाची अब्रू गेली." तिसरे हंसून म्हणाले, "चाळीस लाख द्यायला होते, तर ते गरीब कशाचे?" मग सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. पाळकानें कांहीं बोलावें अशी त्यांची अपेक्षा होती, आणि आम्ही बोललों. आम्ही म्हणालों, "वांकड्या वाटेनें गेलेला वांकड्या वाटेनेंच परत येतो." मंडळीनें माना डोलाविल्या. आमचें वाक्य आम्हांसहि बरें वाटलें.

त्या वेळीं एक वृद्ध विधवा बहीण पायरीवर बसली होती. तिनें आपली पिशवी उचलली आणि सलाम न करितां ती निघून गेली. पुढचे चार रविवार ती उपासनेस आली नाहीं. पांचव्या रविवारीं उपदेशकानें आम्हांस एकीकडे नेऊन सांगितलें कीं, तिचा थोरला मुलगा आखाती देशांत गेला होता. दलालानें नोकरीचें वचन देऊन हातांत मात्र पाहुण्याचा परवाना ठेविला. मुदत संपली, मुलगा लपून छपून मिळेल तें काम करीत राहिला, शेवटीं पकडला गेला व परत धाडला गेला. तीन महिन्यांपूर्वीं तो रात्रीच्या एस्टीनें गांवांत आला होता आणि तेव्हांपासून दिवसा घराबाहेर पडला नव्हता. अर्धा एकर जिराईत जमीन गहाण, आणि धाकट्या मुलानें व सुनेनें ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली दोन हंगामांची उचल, एवढें त्या प्रवासांत बुडालें होतें. लिंबाखालीं आम्ही अमेरिकेविषयीं बोलत होतों. ती बहीण मात्र आपल्या घराविषयीं ऐकत होती.

बंधुजनहो, ही हकीकत त्या बहिणीच्या परवानगीनें आम्ही लिहीत आहों. आमची चूक आम्हीं तिच्यापाशीं कबूल केली आहे. ती आपणांपाशींहि कबूल करितों. आतां पौलाच्या त्या लहानशा पत्राकडे आपण वळूं. कारण अशा प्रसंगीं काय बोलावें व काय बोलूं नये, हें तें आपल्यास शिकवितें.

पहिली गोष्ट ही कीं, पौल अपराध झांकीत नाहीं. अनेसिमानें कांहीं अन्याय केला असेल, कांहीं देणें असेल, हें तो मोकळेपणीं मान्य करितो. आपणहि तसेंच करावें. प्रत्येक राष्ट्रास आपल्या सीमेचा पहारा करण्याचा व परवान्यावांचून आलेल्यास परत पाठविण्याचा अधिकार आहे. आपल्या देशासहि तो आहे, आणि आपला देश तो बजावतो. खोटे कागद करणें हें खोटेंच आहे, मग तें भाकरीसाठीं असो कीं बंगल्यासाठीं. ही वाट कशी आहे तेंहि आपल्या मुलांनीं नीट ऐकावें. पंजाबांत तिला "डंकी" म्हणतात. दलाल मनुष्यास प्रथम दक्षिण अमेरिकेंतील एखाद्या देशांत उतरवितो. तेथून कोलंबिया व पनामा यांच्या मधील डॅरिअन नांवाचें सुमारें 100 किलोमीटरांचें दाट रान पायीं ओलांडावें लागतें. त्यांत रस्ता नाहीं, पूर आहेत, साप आहेत, लुटारू आहेत. पुढें एकामागून एक देश रात्रीं ओलांडीत मेक्सिको, आणि मग अमेरिकेची भिंत. त्याबद्दल कोणी 30 लाख मोजले, कोणी 40, कोणी त्याहूनहि अधिक. इ.स. 2023 च्या डिसेंबरांत निकाराग्वाकडे चाललेलें एक विमान फ्रान्स देशांत अडविण्यांत आलें. त्यांत 303 प्रवासी होते व त्यांतील बहुतेक भारतीय होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं त्यांतील 276 जण मुंबईस परत उतरले. आपण नाताळाचीं गीतें गात होतों, तेव्हां ते तोंड लपवून विमानतळाबाहेर पडत होते.

आणि कित्येक परत येतहि नाहींत. इ.स. 2022 च्या जानेवारीच्या 19 व्या तारखेस कॅनडा व अमेरिका यांच्या सीमेजवळ बर्फांत एक कुटुंब गोठून मेलेलें सांपडलें. नवरा, बायको, अकरा वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा. तीं गुजराथेंतील डिंगुचा या गांवचीं. सीमा तेथून हांकेच्या अंतरावर होती. त्यांस तेथवर पोंचविणाऱ्या साखळींतील दोघांस पुढें अमेरिकेंतील न्यायालयानें दोषी ठरविलें. पण तीन वर्षांच्या मुलानें कोणत्या देशाचा कायदा मोडला होता? वाट वांकडी होती हें आम्ही पुन्हा म्हणतों. परंतु तें म्हणतांना आमचा कंठ दाटून येत नसेल, तर तें खरें बोलणें देवाच्या दृष्टीनें अपुरें आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, हें पत्र लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे. पौल तुरुंगांतून लिहीत आहे, आणि आपल्या बंधनांचा उल्लेख तो पुनः पुनः करितो. अनेसिमाचें वचन तो घेतो, तें उंच आसनावर बसलेल्या न्यायाधीशासारखें नव्हे. साखळीचा भार मनगटास कसा लागतो हें ठाऊक असलेला मनुष्य तें पत्र लिहीत आहे. आपण मात्र बेड्यांचें चित्र पाहिलें आणि दोन भाग पाडले. एका भागानें म्हटलें, बरें झालें. दुसऱ्या भागानें म्हटलें, राष्ट्राचा अपमान झाला. आम्हांस असें वाटतें कीं, दोन्ही भागांनीं त्या माणसाकडे नीट पाहिलेंच नाहीं. पहिल्यानें त्याच्यांत केवळ गुन्हेगार पाहिला. दुसऱ्यानें त्याच्यांत केवळ निशाण पाहिलें. त्याला रात्रीं पायांची साखळी घेऊन शौचास कसें जावें लागलें असेल, हें ह्यांपैकीं किती जणांच्या मनांत आलें?

ह्या देशानें असें एक जहाज पूर्वींहि पाहिलें आहे. इ.स. 1914 त "कोमागाटा मारू" नांवाचें जहाज 376 प्रवासी घेऊन कॅनडाच्या व्हँकूवर बंदरास गेलें; त्यांत बहुतेक शीख होते. ते उघड उघड, दिवसाढवळ्या गेले होते. तरी हिंदी लोक नकोत म्हणून केलेल्या नियमांवर बोट ठेवून दोन महिने त्यांस बंदरांत अडकवून ठेविलें व बहुतेकांस परत लाविलें. परत आल्यावर कलकत्त्याजवळ बजबज येथें त्यांच्यावर गोळीबार झाला आणि सुमारें वीस जण मेले. परक्या देशानें दार लाविलें, आणि स्वदेशांत त्या वेळच्या सरकारनें गोळी घातली. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं 2016 सालीं आपल्या संसदेंत त्याबद्दल क्षमा मागितली. तिला एकशें दोन वर्षें लागलीं. त्या प्रवाशांची आणि आजच्यांची गोष्ट सर्वस्वीं एक नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु परत आलेल्या माणसाच्या घायाळपणावर खरी जखम पुष्कळदां घरींच होते, हें तेव्हांहि खरें होतें आणि आजहि खरें आहे.

तिसरी गोष्ट कर्जाची. पौल फिलेमोनास केवळ "क्षमा कर" असा कोरडा उपदेश करीत नाहीं. ह्याचें कांहीं देणें असेल तर तें माझ्या खातीं मांड, मी तें फेडीन, अशा अर्थाचें वाक्य तो लेखकाकडून न लिहवितां स्वतःच्या हातानें लिहितो. तुरुंगांतील मनुष्य पळालेल्या दासासाठीं जामीन राहतो! आम्हीं हें वचन सेमिनरींत असतां पुष्कळदां वाचलें, त्यावर परीक्षेंत उत्तरेंहि लिहिलीं. पण त्या बहिणीच्या घरीं गेलों तेव्हां त्याचा अर्थ आम्हांस कळला.

आम्ही उपदेशकास घेऊन संध्याकाळीं तिच्या दारीं गेलों. तिनें घोंगडी घातली, पाणी दिलें, पण ती कांहीं बोलेना. आम्ही म्हणालों, "मावशी, त्या दिवशीं मी बोललों तें मला बोलायला नको होतें." ती म्हणाली, "पाळकसाहेब, तुमचं खरंच होतं. वाट वाकडीच होती. पण तो माझा हाय." एवढें बोलून तिनें पदर डोळ्यांस लाविला. दाराच्या आड कोणीतरी उभें होतें. तें बाहेर आलें नाहीं. आम्हीं प्रार्थना केली. उठतांना उपदेशकानें विचारलें, "मुकादमाचा हिशेब कागदावर आहे का?" कागद नव्हता. उचल किती घेतली, फिटली किती, व्याज कोणत्या दरानें, सारें मुकादमाच्या तोंडीं होतें.

पुढच्या आठवड्यांत मंडळीचे दोन पंच धाकट्या मुलाबरोबर मुकादमाकडे गेले. त्यांत एक तेच वडील होते, ज्यांनीं लिंबाखालीं "भोगा" म्हटलें होतें. त्यांनीं भांडण केलें नाहीं. हिशेब मात्र ओळीओळीनें लिहून घेतला व दोन्हीं पक्षांच्या सह्या करविल्या. तोंडीं सांगितलेल्या रकमेपेक्षां लिहिलेली रक्कम बरीच कमी भरली. जमीन अजून गहाणच आहे. ती सुटली असें आम्ही लिहिलें तर तें खोटें होईल. परंतु तो मुलगा आतां उपासनेस येतो. पहिल्या रविवारीं तो दाराजवळ चपलांपाशीं बसला. त्या वडिलांनीं कांहीं न बोलतां सतरंजीवर थोडें सरकून जागा केली. त्या दिवशीं आमच्या उपदेशाचा विषय काय होता हें आम्हांस आठवत नाहीं. ती जागा मात्र आठवते.

चौथी गोष्ट. हें पत्र फिलेमोनास आहे खरें, पण पौल त्याच्या घरीं जमणाऱ्या मंडळीसहि त्यांत संबोधितो. एका घरची गोष्ट त्यानें सर्व मंडळीच्या कानीं घातली. कारण परत आलेल्यास घरानें घेतलें आणि गांवानें टाकलें, तर तो अर्धाच परत आला. आणि "मंडळी" म्हणतांना आपण आपल्या दारावरील परक्यासहि मोजलें पाहिजे. अमृतसरच्या बेड्या पाहून आपल्यांतील पुष्कळांस राग आला. मग त्याच 2025 सालीं आपल्या मुंबई-ठाण्याकडे मजुरी करणारे पश्चिम बंगालचे कांहीं लोक केवळ भाषेवरून परदेशी समजून पकडण्यांत आले, सीमेपलीकडे बांगलादेशांत ढकलण्यांत आले, आणि ते भारताचेच नागरिक आहेत असें ठरल्यावर परत आणावे लागले. त्या वेळीं आपल्यास किती राग आला? आपला मुलगा परदेशीं पकडला तर तो पोटासाठीं गेला होता, आणि दुसऱ्याचा मुलगा आपल्या गांवीं पकडला तर तो घुसला होता, हें माप देवाच्या बाजारांत चालत नाहीं. इस्राएलास त्यानें पुनः पुनः हेंच बजाविलें कीं, तुम्ही स्वतः मिसर देशांत परके होतां तें विसरूं नका. आणि आपले वाडवडील गांवकुसाबाहेर राहत होते. ज्या पाणवठ्यावर आपल्यास जाऊं देत नसत, त्याची आठवण आपण इतक्या लवकर कशी टाकली?

आतां तरुणांस दोन शब्द. परदेशीं जाणें हें पाप नव्हे. अब्राहाम निघाला, याकोब निघाला, योसेफाचे भाऊ दुष्काळांत धान्यासाठीं मिसरास गेले. परंतु कोणी दलाल तुमच्या गांवीं येऊन लाखांची भाषा बोलूं लागला, तर त्यास प्रथम विचारा कीं, सरकारांत तुझी नोंद कोठें आहे? इ.स. 1983 च्या कायद्यानें परदेशीं कामास माणसें नेणाऱ्यास नोंदणी सक्तीची केली, आणि पुढें नियमांनीं त्याच्या मोबदल्यास 30,000 रुपयांची मर्यादा घातली, त्यावर काय तो कर. जो त्याहून कित्येक पटींनीं मागतो आणि पावती देत नाहीं, तो तुम्हांस नोकरीस नेत नाहीं. तो तुम्हांस माल म्हणून नेतो. पाहुण्याच्या परवान्यावर नोकरी होत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवा. घरच्यांपासून लपवून सही करूं नका. आपल्या उपदेशकास, पाळकास, शाळेच्या मास्तरास कागद दाखवा. दाखविण्यास लाज वाटावी असा कागद असेल, तर त्या कागदावर समुद्र ओलांडूं नका.

आणि उपदेशक बंधूंस विनंति ही कीं, आपल्या मंडळींतील कोणतें घर अलीकडे दिवसा दार लावून घेतें, तें पाहा. परत आलेल्यास "किती बुडाले?" असें पहिल्याच भेटींत विचारूं नका. त्याच्याबरोबर जेवा. मग हिशेब लिहा. कारण न लिहिलेलें कर्ज रोज वाढतें. दलालाविरुद्ध फिर्याद द्यावयाची असेल तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चाला. 2025 त पंजाबांत अशा दलालांवर गुन्हे नोंदले गेले, ते परत आलेल्यांनीं तोंड उघडल्यामुळेंच. जो एकटा आहे तो तोंड उघडीत नाहीं. आणि व्यासपीठावरून किंवा लिंबाखालून एखादें तयार वाक्य बोलण्यापूर्वीं पायरीवर कोण बसलें आहे तें पाहून घ्या. हें आम्ही इतरांपेक्षां स्वतःस अधिक सांगत आहों.

अनेसिम ह्या नांवाचा अर्थ "उपयोगी" असा आहे. पौल त्या नांवावर गोड श्लेष करून म्हणतो कीं, पूर्वीं जो तुझ्या कामाचा नव्हता तो आतां तुझ्या व माझ्याहि कामाचा झाला आहे. फिलेमोनानें शेवटीं काय केलें हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. पत्र त्याच्या हातीं पडलें, अनेसिम दारांत उभा राहिला, आणि तेथेंच गोष्ट थांबते. आम्हांस वाटतें, देवानें ती जागा मुद्दाम मोकळी ठेविली आहे, कीं प्रत्येक मंडळीनें आपलें उत्तर तेथें लिहावें. आपल्या सर्वांचें देणें ज्या प्रभूनें आपल्या खातीं मांडून घेतलें, आणि आपण दूर असतां ज्यानें आपल्यास घरचे केलें, तो आपल्या हातून तें उत्तर चांगल्या अक्षरांत लिहवो.

आमेन.